पाचवं घर

११ जानेवारी

आत्या,

वाकून नमस्कार लिहिणार होते, पण सध्या वाकता येत नाही. पाचवा महिना सरत आलाय. तेव्हा उभ्या उभ्याच घे.

निरोप मोबाईलवर पाठवता आला असता. पण लहानपणी तू मला दर आठवड्याला पत्र लिहायला लावायचीस आणि लाल शाईने चुका काढून तेच पत्र परत पाठवायचीस. त्यामुळे काही खरोखर विचारायचं असलं की माझा हात अजून कागदाकडेच जातो.

आणि विचारायचं आहे. तू चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस. मला सांग, आमचं बाळ बहिरं होईल का?

घाबरून विचारत नाही हं. मी जन्मापासून बहिरी, तुझा जावई जन्मापासून बहिरा, आणि आमचं काही अडलेलं नाही. छापखान्यात तो कागद कापायच्या मशीनवर, मी बांधणीखात्यात. दिवसभर तिथे इतका खडखडाट असतो म्हणे, की ऐकणारी माणसं संध्याकाळी डोकं धरून घरी जातात आणि आम्ही दोघं ताजेतवाने! तो तर म्हणतो, बाळ बहिरंच व्हावं. ‘आपल्या भाषेत बोलणारं घरात तिसरं माणूस.’ मी यावर काही म्हणत नाही. मला नुसतं जाणून घ्यायचंय.

डॉक्टरीणबाईंना कागदावर लिहून विचारलं. त्यांनी खाली लिहिलं, ‘सांगता येत नाही,’ आणि पुढच्या बाईला हाक मारली असावी, कारण माझ्या मागची बाई उठली.

आमच्याकडची माणसं तुला ठाऊकच आहेत. त्याच्याकडे आईवडील दोघं ऐकणारे, थोरली बहीण मात्र त्याच्यासारखीच. आई आतापासूनच माझ्याकडे येऊन राहिली आहे. तिला याबद्दल विचारलं की ती उठून काहीतरी पुसायला लागते.

तुझी,
खारूताई


१९ जानेवारी

खारूताई,

उभ्याने केलेला नमस्कार पोचला. मीही आशीर्वाद बसूनच देते, गुडघे उठू देत नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. भाजीवाला फक्त ‘आणखी काय’ विचारतो. तुझं पत्र वाचलं आणि शिवणाचा डबा टेबलावर उपडा केला. सगळं बटणांनी मांडलंय, तूही मांडून बघ.

आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत गुणसूत्रं असतात आणि त्यांच्यावर ओळीने जनुकं. जनुक म्हणजे एक सूचना. डोळे असे घडव, कान असा घडव. अशा प्रत्येक सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक बिघडलेली निघाली तरी दुसरी चांगली असली की काम भागतं. ही चांगली प्रत आपलंच म्हणणं पुढे रेटते, म्हणून ती प्रभावी. बिघडलेली मागे गप्प बसते, ती अप्रभावी. ज्याच्याकडे एक चांगली नि एक बिघडलेली, तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, जन्मभर पत्ताही लागत नाही. पण एखाद्या लेकराच्या वाट्याला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत आली, तर झाकायला कुणी उरत नाही.

आता पांढरं बटण म्हणजे चांगली प्रत, काळं म्हणजे बिघडलेली. तुझ्या आईबाबांकडे प्रत्येकी एक पांढरं, एक काळं असणार. मूल दोघांकडून एकेक उचलतं. म्हणून चार घरांचा तक्ता आखायचा. तीन घरांत निदान एक तरी पांढरं येतं, चौथ्यात दोन्ही काळी. ते चौथं घर तुझं.

आणि तुमच्या बाळाचं? तुझ्याकडे दोन्ही काळी, जावयाकडे दोन्ही काळी. चारही घरांत काळं-काळं. पांढरं येणार कुठून? तेव्हा जावयाला सांग, इच्छा पुरी झाली. बाळ बहिरं होणार, शंभर टक्के. गणित खोटं बोलत नाही.

तक्ता पुठ्ठ्यावर नीट आखून सोबत पाठवते आहे. पट्टी वापरली आहे, वर्गात वापरायचे तशी.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

तक्ता त्याला इतका आवडला की कपाटाशेजारी भिंतीवर लावलाय. छापखान्यातले दोन मित्र आले होते, त्यांना पाहुण्यांना घर दाखवावं तसा दाखवला. मग कामालाच लागला. दारावरची घंटा वाजली की दिवा लागतो तसा दिवा आता झोपायच्या खोलीतही आहे. पलंग अशा जागी सरकवलाय, की बाळाला पडल्या पडल्या आमचे दोघांचेही हात दिसतील. दवाखान्यात जन्मल्याबरोबर बाळांच्या कानांची तपासणी करतात म्हणे. आम्ही आधीच लिहून दिलं, आमच्या बाळाची नको. उत्तर माहीत असताना कशाला?

माझं एक कोडं मात्र सुटत नाही. तू पत्रात आईबाबांचा तक्ता मांडलास त्याप्रमाणे बाबांकडेही एक काळं बटण होतं. ते त्यांच्याकडे कुठून आलं? बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. मी आईला तक्ता दाखवला. आई माझ्याशी बोलताना ओठ सावकाश हलवते. म्हणाली, ‘तुझ्या बाबांच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. तुझ्या आत्यानेच तेव्हा सांगितलं होतं. मी सातव्या महिन्यात जिन्यावरून पडले होते, त्याने झालं ते. पुस्तकाला काय माहीत!’

मला माहीतच नव्हतं, आत्या, ती कधी पडली होती ते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

तुमच्या घराण्याची यादी पाठवशील? पणजोबांपासून. मला सगळ्यांची बटणं मांडायची आहेत. बांधणीच्या कामात कसं, खराब पान सापडलं की ते कुठल्या मशीनवर खराब झालं ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

खारूताई


२० फेब्रुवारी

खारूताई,

उशीर झाला. डोळ्यांचा नंबर बदलला.

यादी सोबत आहे. सगळे ऐकणारे. काळं बटण पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहू शकतं, त्यात एवढं शोधण्यासारखं काही नाही. वहिनीला जिन्याचं वाटतं तर वाटू दे. या वयात तिची समजूत घालत बसू नकोस, तिला त्रास होईल.

लोहाच्या गोळ्या घेतेस ना? पाय सुजले तर उंचावर ठेवून झोप.

आत्या


१२ मे

आत्या,

मुलगी झाली! परवा दुपारी. वजन छान आहे, केस भरपूर आहेत आणि कपाळ हुबेहूब तुझं. तुझा जावई तिच्यासमोर बसून तासन्‌तास हात हलवतो आहे. ती त्याच्या बोटांकडे बघते, की खिडकीकडे, अजून कळत नाही.

बाकी मग लिहिते. टाके दुखतात. पुस्तकाला कधी दुखले नसतील एवढे.

खारूताई


४ जुलै

आत्या,

बाळ ऐकतं.

आईला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. भांडं पडलं, दार आपटलं की बाळ दचकायचं. आई कुणाला काही बोलली नाही. भिंतीवरचा तक्ता तिनेही रोज पाहिलाय ना. पुढे एकदा मी बाळाकडे पाठ करून कपडे वाळत घालत होते. वळून बघते तर आई काहीतरी गुणगुणत होती आणि बाळ टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होतं. मला बघून आईने तोंड मिटलं. चोरी पकडल्यासारखं. तेव्हा मी विचारलं आणि तिने होकारार्थी मान हलवली.

मला आधी काय वाटलं, सांगू? हसू आलं. मग थोडं वाईटही वाटलं, म्हणजे आता ही आमच्या भिंतीच्या पलीकडची, असं. मग वाटलं, आत्याला कळवायला हवं, तिला केवढं नवल वाटेल. त्याला काय वाटेल हा विचार सगळ्यात शेवटी आला. ती माझी चूक.

त्याला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसला नाही. त्याने पातेल्यावरचं झाकण घेतलं, बाळाच्या डोक्यामागे उभा राहिला आणि फरशीवर टाकलं. बाळ अंगभर दचकलं आणि रडायला लागलं. त्याने पुन्हा टाकलं. मग तिसऱ्यांदा. मी झाकण हिसकावून घेतलं.

मग त्याने भिंतीवरचा तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. एकेका घरावर बोट ठेवत गेला. काळं-काळं, काळं-काळं. चार घरं झाली. मग बाळाकडे बोट केलं आणि हाताने विचारलं, ‘हे पाचवं घर कुठून आलं?’

एवढंच. हात खिशात घातले. तुला माहीत आहे ना, आमच्यात त्याचा अर्थ काय होतो? तुम्ही अबोला धरता तेव्हा तुमची तोंडं मोकळी तरी राहतात. आज अकरा दिवस झाले. कामाला जातो, येतो, जेवतो आणि हात खिशात.

आत्या, माझ्या आयुष्यात त्याच्याशिवाय दुसरा पुरुष नाही. हे तुला लिहावं लागतंय याचीच मला लाज वाटते, आणि रागही येतो. तू शंभर टक्के म्हणाली होतीस. गणित खोटं बोलत नाही म्हणाली होतीस. तुझं गणित खरं असेल तर मी खोटी आहे. तूच सांग आता.

खारूताई


८ जुलै

पोरी,

तू खोटी नाहीस. तुझं पत्र अर्धं वाचलं तेव्हाच मला एवढं माहीत होतं. तक्ता चुकलाय. कुठे चुकलाय ते मला माहीत नाही. रात्रभर बटणं हलवली, प्रत्येक वेळी चार घरं काळीच येतात. पण तुझ्यात नि तक्त्यात निवड करायची असेल तर तक्ता चुलीत गेला.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. विचारण्याजोगं एक माणूस आहे. आठ दिवस दे.

आत्या


२१ जुलै

खारूताई,

हे पत्र जावयालाही वाचायला दे. वहिनीलाही. तिला शेवटचा भाग तर जरूर.

माझी एक विद्यार्थिनी होती. वर्गात सगळे तिला ‘शंका’ म्हणायचे. एकदा वाटाण्याची उंच-बुटकी झाडं शिकवताना तिने विचारलं होतं, ‘बाई, एकाच गुणाला दोन वेगळी जनुकं लागत असली तर?’ मी तिला ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून खाली बसवलं होतं. ती आता जनुकांच्या प्रयोगशाळेत मोठी डॉक्टर आहे. तीन तास तिच्या दारात बसले, तेव्हा भेटली. तिने मला ओळखलं, चहा मागवला, आणि मी पिशवीतून बटणं काढून तिच्या टेबलावर मांडली.

तिने बघितलं आणि म्हणाली, ‘बाई, तुम्ही एकच डबा उघडलात.’

‘म्हणजे?’

‘बहिरेपणाचं जनुक एकच असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘पुस्तकात...’

‘पुस्तकात वाटाणे होते, बाई. कान म्हणजे वाटाणा नाही. ऐकू यायला शंभरावर जनुकं राबतात. एक पेशीपेशींमधली वाट तयार करतं, एक कानातले बारीक केस ताठ उभे ठेवतं. यातलं कुठलंही एक, दोन्ही प्रतींमध्ये बिघडलं, तर माणूस बहिरा होतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळे बहिरे सारखेच. आत बिघाड कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही.’

मग तिने माझी बटणं दोन ढिगांत लावली. गोल बटणं म्हणजे एक जनुक, चौकोनी म्हणजे दुसरं. समज, तुझी गोल बटणं दोन्ही काळी, पण चौकोनी दोन्ही पांढरी. जावयाची गोल दोन्ही पांढरी, चौकोनी दोन्ही काळी. आता बाळाला दोघांकडून एकेक दे. गोलांत एक काळं, एक पांढरं. चौकोनींत एक काळं, एक पांढरं. दोन्हीकडे झाकणारं पांढरं आहेच! बाळ दोन्हींची वाहक, आणि ऐकणारी. पुढे तुम्हाला आणखी दहा मुलं झाली तरी दहाही ऐकणारी.

म्हणजे मी शंभर टक्के सांगितलं होतं, ते शंभर टक्के उलटं निघालं. चौतीस वर्षं मी हे शिकवलं, खारूताई. किती पोरांना खाली बसवलं असेल कोण जाणे.

शंका म्हणते, असं असू शकतं. आहेच, असं रक्त तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. तुम्ही दोघं जाऊन रक्त देऊन या. बाळाचंही दिलंत तर आणखी पक्कं होईल, असं ती म्हणाली. सहाएक आठवडे लागतील.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या हातून तीस वर्षांत लिहून झाली नाही.

मी पाठवलेल्या यादीत एक माणूस गाळलाय. माझ्या वडिलांना धाकटा भाऊ होता. जन्मापासून बहिरा. आम्ही त्याला मुके काका म्हणायचो. तो मागच्या खोलीत राहायचा, खुर्च्यांच्या बैठका विणायचा, आणि मला बोटांनी ससा, हरीण, बगळा करून दाखवायचा. मी नऊ वर्षांची असताना गेला. त्यानंतर त्याचं नाव घ्यायचं नाही, असं न सांगता ठरलं. घरात लग्नाच्या मुली होत्या.

तू दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी दादाला, वहिनीला आणि मला समोर बसवून विचारलं, ‘घराण्यात आणखी कुणी बहिरं?’ मी पटकन म्हणाले, ‘आमच्याकडे नाही.’ तेव्हा माझं लग्न ठरत होतं. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग खाली बघायला लागला. त्यालाही माहीत होतं. वहिनी एकटीच काही न जाणणारी. त्या दिवसापासून सगळं तिच्या माथी आलं. तिचं माहेर, तिचं चालणं, तिचा जिना. ते लग्न पुढे मोडलंच, वेगळ्याच कारणाने. खोटं मात्र टिकलं.

वहिनीला सांग, जिन्याने काहीही झालेलं नाही. दोनांतलं एक काळं बटण आमच्या घरातून आलं, आणि ते आम्हाला माहीत होतं. दुसरं तिच्याकडून आलं ते तिच्याही नकळत. माफी मागायला मी स्वतः येईन, तिने ये म्हटलं तर.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा राग आला, वेगवेगळ्या कारणांसाठी. त्यातला एक, तुझ्या शंभर टक्क्यांवरचा, आता उतरलाय.

आधी हसशील अशी गोष्ट. तुझी गोल-चौकोनी बटणं वाचताना मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन खराब प्रती येतात ना! एकीत तिसरा फर्मा, म्हणजे सोळा पानांची जुडी, कोराच राहिलेला, दुसरीत नववा. दोन्ही उसवायच्या, चांगले फर्मे जुळवायचे, की एक पूर्ण पुस्तक शिवून तयार. आठवड्यातून दोनदा करते मी हे, आत्या. दोन खराब पुस्तकांमधून एक चांगलं निघतं हे मला माहीत होतं आणि सुचलं नाही!

बाळाला आईजवळ ठेवून मी त्या दुपारी छापखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्या टेबलापाशी बोलावलं, तुझं पत्र वाचायला दिलं आणि त्याच्यासमोर दोन टाकाऊ प्रती उसवून एक शिवली. तो बराच वेळ शिवण बघत राहिला. मग एकतीस दिवसांनी त्याचे हात खिशातून बाहेर आले. ‘असं असू शकतं,’ तो म्हणाला. ‘पण आहे का?’

मी म्हटलं, ‘माझं रक्त घे, तुझं दे. बाळाचं मिळणार नाही.’

‘का? तिचं घेतलं तर सगळंच कळेल.’

‘ती आजारी पडेल तेव्हा तिला सुई टोचू. माझा खरेपणा सिद्ध करायला नाही.’

त्याचे हात बाहेरच राहिले. सोमवारी आम्ही दोघं जाऊन रक्त देऊन आलो. तुझ्या शंकाबाई चांगल्या आहेत. आमच्याशी बोलताना तोंडापुढे हात धरत नाहीत, कागदावर लिहितात तेही पूर्ण वाक्यात. त्यांनी मला विचारलं, ‘तुम्हाला काही शंका?’ आणि स्वतःच हसत सुटल्या.

आता आई. तुझं पत्र तिने उभ्याने वाचलं, घडी घातली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. तासभर. बाळ रडलं असेल तरी आत आली नाही, हे पहिल्यांदाच. आली तेव्हा माझ्यासमोर बसली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, ‘वन्संना लिही, तीस वर्षं मी रोज त्या जिन्यावरून पडत होते. आज खाली पोचले.’

मी लिहायला घेतलं तर तिने माझा हात धरला. ‘हेही लिही, की मला राग आलाय. तो आणखी काही दिवस राहील. राहू दे. मग या म्हणावं.’

मुके काकांबद्दल मात्र मला सगळं हवंय. ते काय करायचे, बगळा कसा करायचे, त्यांच्याशी बोलायचं कोण? माझ्यासारखं माणूस त्या घरात होतं आणि मला कुणी सांगितलं नाही, हा तो दुसरा राग आहे. लांबलचक लिही. लाल शाई मी वापरीन.

खारूताई


२७ सप्टेंबर

आत्याबाई,

मी तुम्हाला पहिल्यांदा लिहितो आहे. माझं मराठी तुटक आहे. खुणांच्या भाषेत शब्दांची जागा वेगळी असते. सांभाळून घ्या. हिने तपासून देते म्हटलं, मी नको म्हटलं.

निकाल शुक्रवारी आला. तुमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच आहे. हिचा बिघाड एका जनुकात, माझा दुसऱ्याच. आमची सगळी मुलं ऐकणार. हे तुम्हाला हिने कळवलं असेल. मला त्याच्या आधीच्या मंगळवारचं लिहायचं आहे.

मंगळवारी ही कामावर गेली होती. आता अर्धा दिवस जाते. माझी सुट्टी होती. सासूबाईंना ताप होता, त्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. बाळ माझ्याकडे. एकटा मी पहिल्यांदाच.

ती रडायला लागली. मला दिसतं, चेहरा लाल होतो, जीभ थरथरते. दूध दिलं, नको. लंगोट बदलला. हात हलवले, दिवा लावून दाखवला, खिडकीपाशी नेली. थांबत नाही. पाऊण तास. सासूबाईंना उठवावं असं वाटलं, पण त्या तापात.

तुम्हाला एक सांगतो. मला आवाज आहे. मुका मी नाही, फक्त बहिरा. शाळेत पहिल्या वर्षी एका मास्तरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता आणि फळ्यावर लिहिलं होतं, ‘हा आवाज बंद. लोक घाबरतात.’ मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून बंद. हिच्यासमोरही कधी काढला नाही.

मंगळवारी काढला. ऐकणारं दुसरं कुणी जागं नव्हतं म्हणून. बाळाला छातीशी धरलं आणि घशातून जे आलं ते येऊ दिलं. लांबच लांब. छाती हलत होती तेवढं मला कळत होतं.

ती थांबली. डोकं उचलून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी थांबलो. ती पुन्हा रडली. मी पुन्हा सुरू केलं. ती थांबली. असं सात वेळा झालं, मी मोजलं. सातव्या वेळी तिने कान माझ्या छातीवर टाकला आणि झोपली.

मग दिसलं, सासूबाई दारात उभ्या. मी घाबरून तोंड मिटलं. त्यांना आमच्या खुणा थोड्याच येतात. त्यांनी हाताने सांगितलं, ‘चालू ठेव.’

शुक्रवारी निकाल वाचून मी हिच्यापुढे धरला. तिने वाचला. मग म्हणाली, ‘या कागदात एवढंच आहे, की ती तुझी असू शकते. ती तुझी आहे हे माझ्या तोंडून घ्यावं लागेल.’

मी म्हणालो, ‘घेतलं. मंगळवारीच घेतलं होतं.’

‘मग मंगळवारी का सांगितलं नाहीस?’

मी याची माफी मागितली. झाकण तीन वेळा टाकलं त्याचीही. ती म्हणाली, ऐकलं. माफ केलं असं अजून म्हणाली नाही. तिची वेळ ती घेईल. माझे हात आता बाहेर असतात, ती बोलेल तेव्हा असतील.

सासूबाईंनी सांगायला सांगितलं आहे, की त्यांचा राग संपत आला आहे आणि तुम्ही पुढच्या महिन्यात या. आठ दिवसांचे कपडे आणा म्हणाल्या. आम्ही तुमच्यासाठी खालची खाट मोकळी केली आहे, गुडघ्यांमुळे.

आणि एक. मी सासूबाईंना विचारलं, माझा आवाज कसा आहे? त्यांनी बराच विचार केला. मग कागदावर लिहिलं, ‘मोठा.’

हे उत्तर नाही. मुलगी हाताने बोलायला लागली की तिलाच विचारणार आहे.

आपला,
भाचेजावई